अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची अर्थव्यवस्थेवरील विधाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या अध्यक्षांनी भाषणात एखादा आकडा सांगितला की तो दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांत छापून येतो आणि त्यावर वाचकांचे प्रश्न येऊ लागतात. त्यांपैकी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक असून पुढचे अधिक गुंतागुंतीचे आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागला, तर तेथे पुनरुक्ती न करता तसा निर्देश केला आहे.

१. अध्यक्ष दरवर्षी संसदेपुढे देशाच्या प्रगतीचे भाषण करतात, ते कायद्याने बंधनकारक आहे का?

माहिती देणे बंधनकारक आहे, भाषण करणे नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात एवढेच म्हटले आहे की अध्यक्षांनी काँग्रेसला वेळोवेळी संघराज्याच्या स्थितीची माहिती द्यावी. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ८ जानेवारी १७९० रोजी न्यूयॉर्कमध्ये असे पहिले भाषण केले. थॉमस जेफरसन यांनी १८०१ मध्ये भाषणाची प्रथा मोडून लेखी संदेश पाठवला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तीच रीत चालली. वुड्रो विल्सन यांनी १९१३ मध्ये पुन्हा सभागृहात जाऊन भाषण केले. १९२३ मध्ये हे भाषण रेडिओवरून ऐकवले गेले, १९४७ मध्ये ते दूरचित्रवाणीवर आले आणि १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी त्याची वेळ रात्रीची केली. त्यानंतर त्याचा खरा श्रोता काँग्रेसचे सदस्य राहिले नाहीत, घरी बसलेला मतदार झाला. आज आपण ऐकतो त्या भाषणाचा सूर याच बदलातून आला आहे.

एक बारकावा सांगायला हवा. नवनिर्वाचित अध्यक्षांचे पहिल्या वर्षीचे भाषण तांत्रिकदृष्ट्या ‘स्टेट ऑफ द युनियन’ (संघराज्याच्या स्थितीचे भाषण) मानले जात नाही. ते केवळ दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीपुढील भाषण असते.

२. अर्थव्यवस्थेचे श्रेय आणि दोष अध्यक्षांनाच द्यायची पद्धत कधी सुरू झाली?

या पद्धतीचे मूळ १९२९ नंतरच्या महामंदीत आहे. त्याआधीही आर्थिक संकटे येत, बँका बुडत, परंतु ती निस्तरणे हे अध्यक्षांचे काम आहे असे सर्वसाधारणपणे मानले जात नसे. हर्बर्ट हूवर यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस बेरोजगारी २५ टक्क्यांच्या घरात पोचली, फ्रँकलिन रूझवेल्ट निवडून आले आणि ही समजूत कायमची बदलली. तिला कायद्याचे रूप मिळाले ते २० फेब्रुवारी १९४६ रोजी, जेव्हा हॅरी ट्रुमन यांनी रोजगार कायद्यावर स्वाक्षरी केली. रोजगार, उत्पादन आणि क्रयशक्ती यांना चालना देणे ही केंद्र सरकारची जबाबदारी असल्याचे या कायद्याने मान्य केले, अध्यक्षांना सल्ला देण्यासाठी आर्थिक सल्लागार परिषद नेमली आणि अध्यक्षांनी दरवर्षी काँग्रेसला आर्थिक अहवाल सादर करावा असे ठरवले. भाषणातील दाव्यांपेक्षा हा अहवाल बराच संयत असतो आणि म्हणूनच तो फारसा कोणी वाचत नाही.

३. पण अध्यक्षांच्या हातात प्रत्यक्षात किती असते?

अध्यक्षांच्या भाषणांवरून वाटते त्याहून पुष्कळ कमी. कर आणि खर्च यांची मंजुरी काँग्रेसकडे आहे. व्याजदरांचे धोरण फेडरल रिझर्व्ह ठरवते. ही मध्यवर्ती बँक १९१३ मध्ये स्थापन झाली आणि १९५१ मध्ये अर्थखात्याशी झालेल्या समझोत्यानंतर तिला व्याजदरांबाबत खरे स्वातंत्र्य मिळाले. तेलाचे भाव, साथीचे रोग आणि परदेशांतील युद्धे तर कोणाच्याच हाती नसतात.

याला मोठे अपवाद आहेत. रिचर्ड निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी, रविवारी रात्री, दूरचित्रवाणीवरून भाषण करून डॉलरच्या बदल्यात परकीय सरकारांना सोने देणे थांबवले, वेतन आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. तेथे विधान हीच कृती होती. आयात शुल्क हे असेच दुसरे क्षेत्र आहे, कारण काँग्रेसने वेगवेगळ्या कायद्यांनी त्याबाबतचे बरेच अधिकार अध्यक्षांकडे सोपवलेले आहेत (प्रश्न १२ पाहा).

४. भाषणातले आकडे कोण तयार करते? अध्यक्षांचेच कार्यालय का?

नाही. रोजगार, बेरोजगारी आणि महागाईचे आकडे कामगार खात्याच्या अखत्यारीतील श्रम सांख्यिकी विभाग काढतो, तर सकल देशांतर्गत उत्पादनाचे म्हणजे जीडीपीचे आकडे वाणिज्य खात्यातील आर्थिक विश्लेषण विभाग काढतो. मासिक रोजगार अहवाल सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी वॉशिंग्टनच्या वेळेनुसार सकाळी साडेआठला जाहीर होतो. आदल्या संध्याकाळी तो आर्थिक सल्लागार परिषदेमार्फत अध्यक्षांना कळतो, पण जाहीर होण्याआधी त्यावर बोलायचे नाही असा दंडक आहे. १ जून २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी, अहवाल येण्याच्या सुमारे तासभर आधी, आपण त्या आकड्यांची आतुरतेने वाट पाहत आहोत असे ट्विट केले. आकडे चांगले असणार हे बाजाराने लगेच ताडले आणि रोख्यांचे परतावे हलले. त्या ट्विटमध्ये एकही आकडा नव्हता, तरी तेवढे पुरले.

५. ‘माझ्या काळात इतके लाख रोजगार निर्माण झाले’ हे विधान खरे मानावे का?

आकडा बहुधा खरा असतो. मोजणी कोणत्या महिन्यापासून सुरू केली ते पाहावे. जो बायडन त्यांच्या कारकिर्दीत दीड कोटी रोजगार निर्माण झाल्याचे सांगत. नोंदींनुसार ते बरोबर होते. परंतु त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये सूत्रे घेतली तेव्हा कोविडपूर्व पातळीच्या तुलनेत जवळजवळ एक कोटी रोजगार कमी होते आणि ही तूट २०२२ च्या मध्यापर्यंत भरून निघाली. म्हणजे त्या दीड कोटींतील मोठा भाग हा बंद पडलेली हॉटेले, दुकाने आणि विमानसेवा पुन्हा सुरू होण्याचा होता. हाच न्याय उलट बाजूलाही लावायला हवा: ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीअखेर रोजगारांची संख्या सुरुवातीपेक्षा कमी होती, आणि हूवर यांच्यानंतर असे प्रथमच घडले होते, हे विरोधक आवर्जून सांगतात, पण त्याला कारणही तीच साथ होती.

दुसरी अडचण मोजणीच्या पद्धतीची आहे. रोजगारांची संख्या आस्थापनांच्या पाहणीतून येते, तर बेरोजगारीचा दर सुमारे ६० हजार कुटुंबांच्या वेगळ्या पाहणीतून येतो. एकाच महिन्यात या दोन पाहण्या विरुद्ध दिशा दाखवू शकतात आणि अशा वेळी अध्यक्ष कोणत्या पाहणीचा हवाला देतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय आकडे नंतर सुधारले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये श्रम सांख्यिकी विभागाने मार्च २०२४ पर्यंतच्या वर्षातील रोजगारसंख्या प्राथमिक अंदाजाने ८ लाख १८ हजारांनी घटवली. अंतिम घट त्याहून कमी निघाली, पण वर्षभराच्या भाषणांतील मासिक आकडे तोवर देऊन झाले होते.

६. अमेरिकेची अर्थव्यवस्था एका तिमाहीत ३३ टक्के वाढली होती, असे ट्रम्प म्हणाले होते. हे शक्य तरी आहे का?

हा प्रश्न भारतीय वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे दोन देशांच्या पद्धतीच वेगळ्या आहेत. भारतात तिमाही वाढ मोजताना मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी तुलना करतात. अमेरिकेत लगतच्या आधीच्या तिमाहीशी तुलना करून, तोच वेग चार तिमाही टिकला असता तर वर्षाची वाढ किती झाली असती, तो दर जाहीर करतात. एरवी हा फरक फारसा जाणवत नाही. २०२० मध्ये मात्र तो प्रचंड ठरला.

त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत उत्पादन प्रत्यक्षात सुमारे ९ टक्क्यांनी घसरले. वार्षिक दराने ही घसरण तेव्हा ३१.४ टक्के सांगितली गेली. तिसऱ्या तिमाहीत ते प्रत्यक्षात ७.४ टक्क्यांनी वाढले आणि वार्षिक दर ३३.१ टक्के निघाला. हा आकडा २९ ऑक्टोबर रोजी, निवडणुकीच्या पाच दिवस आधी जाहीर झाला आणि तो विक्रम असल्याचे ट्रम्प यांनी सांगितले. विक्रम खराच होता. परंतु ३१ ची घसरण आणि ३३ ची वाढ म्हणजे गमावलेले सर्व परत मिळाले, असा जो समज अनेकांचा झाला तो चुकीचा होता. अर्थव्यवस्था अद्याप २०१९ च्या अखेरच्या पातळीपेक्षा सुमारे साडेतीन टक्क्यांनी लहान होती. शंभरातून नऊ टक्के गेल्यावर उरलेल्या एक्क्याण्णवावर साडेसात टक्के मिळाले तर शंभर होत नाहीत, एवढे गणित त्यासाठी पुरेसे आहे.

यावरून एक व्यावहारिक सूचना: अमेरिकेचा ३ टक्के तिमाही दर आणि भारताचा ७ टक्के तिमाही दर शेजारी छापलेले दिसले, तर ते एका मापाने मोजलेले नाहीत हे लक्षात ठेवावे.

७. महागाई कमी झाली असे अध्यक्ष सांगतात, मग तेथील नातेवाईक किराणा महागच असल्याचे का म्हणतात?

दोघेही खरे बोलत असतात. महागाईचा दर म्हणजे किमती वाढण्याचा वेग. जून २०२२ मध्ये हा दर ९.१ टक्के होता आणि वर्षभरात तो ३ टक्क्यांपर्यंत उतरला. याचा अर्थ किमती अधिक सावकाश वाढू लागल्या. आधी वाढलेल्या किमती खाली आल्या नाहीत. बायडन यांच्या प्रशासनाला हा फरक मतदारांच्या गळी उतरवता आला नाही, आणि पगारवाढ स्वतःच्या कष्टाची पण भाववाढ सरकारची असे लोक मानतात, हेही त्यामागचे एक कारण असावे.

याच विषयावर बायडन यांनी मे २०२४ मध्ये एक सरळसरळ चुकीचे विधान केले. आपण पदावर आलो तेव्हा महागाई ९ टक्के होती, असे ते म्हणाले. जानेवारी २०२१ मध्ये ती १.४ टक्के होती.

८. एक अध्यक्ष तूट कमी केल्याचे सांगतात आणि त्याच वेळी कर्ज वाढल्याच्या बातम्या येतात. हे कसे?

तूट ही एका वर्षातील खर्च आणि उत्पन्न यांमधील तफावत असते, तर कर्ज ही आजवरच्या तुटींची साठलेली बेरीज असते. तूट निम्म्यावर आली तरी कर्ज वाढतच राहते. २०२१ च्या वित्तीय वर्षात सुमारे २.८ लाख कोटी डॉलरची असलेली तूट २०२२ मध्ये सुमारे १.४ लाख कोटींवर आली आणि त्याच २०२२ मध्ये एकूण कर्जाने ३० लाख कोटींचा टप्पा ओलांडला. बायडन यांनी या घटीचे श्रेय घेतले, मात्र तिचा बराचसा भाग कोविडकाळातील तात्पुरत्या योजना संपल्यामुळे आपोआप आला होता. बिल क्लिंटन यांच्या काळात, १९९८ पासून काही वर्षे, अमेरिकी अंदाजपत्रक खरोखरच शिलकीत होते.

तेथील वित्तीय वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे जानेवारीत येणाऱ्या अध्यक्षांचे पहिले सुमारे आठ महिने आधीच्यांच्या अंदाजपत्रकावर जातात, हेही तुलना करताना विसरू नये.

९. मंदी आली आहे की नाही, हे अध्यक्ष ठरवतात का?

नाही, आणि सरकारही ठरवत नाही. मंदीच्या आरंभाची आणि अखेरीची तारीख नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या खासगी, ना-नफा संस्थेची एक समिती ठरवते. ‘सलग दोन तिमाही घट म्हणजे मंदी’ हा वृत्तपत्रांतील ठोकताळा आहे; समिती रोजगार, उत्पन्न, विक्री, औद्योगिक उत्पादन असे अनेक निकष पाहते.

ही समिती अतिशय सावकाश चालते आणि त्याची राजकीय किंमत सर्वाधिक मोजली ती थोरल्या जॉर्ज बुश यांनी. जुलै १९९० मध्ये सुरू झालेली मंदी मार्च १९९१ मध्ये संपली होती. बुश १९९२ च्या प्रचारात अर्थव्यवस्था सावरत असल्याचे सांगत राहिले, पण बेरोजगारी रेंगाळत असल्याने कोणाला ते पटले नाही. समितीने मंदी संपल्याची घोषणा केली डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे ते निवडणूक हरल्यानंतर.

उलट बाजूचे उदाहरण २०२२ चे आहे. त्या वर्षीच्या पहिल्या दोन्ही तिमाहींत जीडीपी घटल्याचे जाहीर झाले, विरोधकांनी मंदी आल्याचे म्हटले, आणि बेरोजगारी ३.६ टक्के असताना ही मंदी नव्हे असे बायडन प्रशासनाने सांगितले. समितीने तो काळ मंदी म्हणून नोंदवला नाही, आणि नंतरच्या सुधारणेत दुसऱ्या तिमाहीची घट किंचित वाढीत बदलली. तेव्हा ही सारवासारव वाटली होती. ती पुढे बरोबर ठरली.

१०. ‘इतिहासातील सर्वोत्तम अर्थव्यवस्था’ या दाव्याला काही आधार आहे का?

हा दावा ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत असंख्य वेळा केला. २०१९ च्या अखेरीस बेरोजगारी ३.५ टक्के होती आणि ती पन्नास वर्षांतील सर्वांत कमी होती, एवढे निर्विवाद आहे. परंतु १९५३ मध्ये ती २.५ टक्क्यांपर्यंत उतरली होती. वाढीच्या बाबतीत २०१९ चे वर्ष ३ टक्क्यांच्या आत राहिले, तर १९६६ मध्ये ती ६ टक्क्यांहून आणि १९८४ मध्ये ७ टक्क्यांहून अधिक होती. क्लिंटन यांनी २००० सालच्या भाषणात संघराज्याची स्थिती आजवरची सर्वांत बळकट असल्याचे म्हटले होते. त्यांच्यापाशी सलग वाढीचा विक्रमी काळ, दोन कोटींहून अधिक नवे रोजगार आणि शिलकी अंदाजपत्रक होते, त्यामुळे त्यांचा दावा अधिक टिकणारा होता. तरीही दोन महिन्यांत तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरांचा फुगा फुटू लागला आणि मार्च २००१ मध्ये मंदी आली.

कॅल्विन कूलिज यांचे डिसेंबर १९२८ चे विधान तर या प्रकाराचे आद्य उदाहरण म्हणावे लागेल. आजवरच्या कोणत्याही काँग्रेससमोर इतके सुखद चित्र नव्हते, असे त्यांनी लिहिले आणि त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत शेअर बाजार कोसळला. मे १९३० मध्ये हूवर यांनी सर्वांत वाईट काळ मागे पडल्याची खात्री दिली. तो अजून यायचा होता.

११. परिस्थिती वाईट आहे, असे कोणा अध्यक्षांनी कधी स्पष्ट सांगितले आहे का?

होय, आणि त्यांची नंतरची वाटचाल पाहण्यासारखी आहे. जेराल्ड फोर्ड यांनी १५ जानेवारी १९७५ रोजी काँग्रेसपुढे उभे राहून संघराज्याची स्थिती चांगली नाही, लाखो अमेरिकी लोक बेकार आहेत, असे सांगितले. जिमी कार्टर यांनी १५ जुलै १९७९ रोजी राष्ट्रालाच आत्मविश्वासाच्या संकटाने ग्रासल्याचे म्हटले. दोघेही पुढची निवडणूक हरले. रूझवेल्ट यांनी मात्र जानेवारी १९३७ मध्ये देशाचा एक तृतीयांश भाग धड घर, धड कपडे आणि धड अन्नाविना असल्याचे सांगितले आणि त्यानंतर आणखी दोन निवडणुका जिंकल्या. रोनाल्ड रेगन यांनी ५ फेब्रुवारी १९८१ च्या भाषणात १९६० च्या एका डॉलरचे मोल आता केवळ ३६ सेंट उरल्याचे दाखवण्यासाठी हातात नाणी धरली. त्यात चतुराई अशी की रेगन तेव्हा नुकतेच पदावर आले होते, आणि वाईट बातमी आधीच्यांच्या खात्यावर जमा होत होती.

१२. आयात शुल्क परदेश भरतात, असे ट्रम्प म्हणतात. भारतावरील शुल्क नेमके कोण भरते?

शुल्क अमेरिकेतील आयातदार तेथील सीमाशुल्क विभागाकडे भरतो. पुढे तो बोजा किती निर्यातदाराने किंमत उतरवून उचलायचा, किती आयातदाराने नफ्यातून आणि किती ग्राहकाने, हे वस्तुनिहाय ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन आणखी २५ टक्के शुल्क लावण्यात आले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातील दागिन्यांच्या कारखान्यांचा मोठा ग्राहक अमेरिका असल्याने तेथे त्याची धास्ती लगेच जाणवली. म्हणून ‘परदेश भरतात’ हे विधान कायदेशीर अर्थाने चुकीचे असले, तरी परदेशाला झळ बसत नाही असा त्याचा उलट अर्थ काढू नये.

त्याच सुमारास ट्रम्प यांनी भारत आणि रशिया यांच्या अर्थव्यवस्था ‘मृत’ असल्याचे लिहिले. मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये भारताचा वाढीचा दर तेव्हा सर्वाधिक वेगाच्या दरांपैकी होता. त्या विधानाला आर्थिक निदान मानण्यापेक्षा व्यापारी वाटाघाटीतील दबाव मानणे योग्य ठरेल.

१३. अध्यक्षांच्या नुसत्या बोलण्याने अर्थव्यवस्था बदलू शकते का?

क्वचित. १२ मार्च १९३३ च्या रात्री रूझवेल्ट रेडिओवर बँका कशा चालतात ते साध्या भाषेत बोलले आणि दुसऱ्या दिवशी बँका उघडल्यावर लोक रांगा लावून पैसे परत ठेवू लागले. पण त्याआधी बँका बंद ठेवून त्यांची तपासणी सुरू झाली होती आणि आणीबाणीचा बँकिंग कायदाही संमत झाला होता. जॉर्ज बुश यांचे १९८८ मधील ‘नवे कर नाहीत’ हे वचन याच्या नेमके उलट ठरले; १९९० मध्ये त्यांना कर वाढवावे लागले आणि ते वाक्य त्यांच्या विरोधकांनी जपून ठेवले.

१४. आकडे गैरसोयीचे आले, तर अध्यक्ष ते बदलून घेऊ शकतात का?

थेट नाही, पण आकडे काढणाऱ्यांवर दबाव आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. बेरोजगारीच्या आकड्यांचा अर्थ सांगताना श्रम सांख्यिकी विभागाचे अधिकारी प्रशासनापेक्षा वेगळे बोलले म्हणून १९७१ मध्ये निक्सन प्रशासनाने त्यांच्या मासिक पत्रकार बैठका बंद केल्या. त्यावर काँग्रेसच्या संयुक्त आर्थिक समितीने त्याच अधिकाऱ्यांना दरमहा साक्षीसाठी बोलावणे सुरू केले.

१ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रम्प याच्या पुढे गेले. त्या दिवशीच्या अहवालात मे आणि जून महिन्यांचे रोजगार एकत्रितपणे २ लाख ५८ हजारांनी कमी करण्यात आले होते. आकडे आपल्याविरुद्ध फिरवल्याचा आरोप करून त्यांनी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना त्याच दिवशी पदावरून काढले. पुरावा दिला नाही. आयुक्त हे आकडे स्वतः तयार करत नाहीत, ते काम कायम सेवेतील कर्मचारी करतात आणि आस्थापनांची उशिरा आलेली उत्तरे मिळवताना सुधारणा होतेच (प्रश्न ५ पाहा). ट्रम्प यांनीच पहिल्या कारकिर्दीत नेमलेले माजी आयुक्त विल्यम बीच यांनीही या कारवाईवर जाहीर टीका केली.

१५. मग सुधारित आकडे येईपर्यंत कोणत्याच विधानावर विश्वास ठेवायचा नाही का?

सुधारणा ही लबाडीची खूण नसते. २००८ च्या अखेरच्या तिमाहीत अर्थव्यवस्था ३.८ टक्के वार्षिक दराने आकुंचन पावल्याचे प्रथम जाहीर झाले होते. पुढे ही घट ८ टक्क्यांहून अधिक असल्याचे निष्पन्न झाले. मदतयोजना मंजूर झाल्यास बेरोजगारी ८ टक्क्यांच्या आत राहील, असा अंदाज बराक ओबामा यांच्या सल्लागारांनी जानेवारी २००९ मध्ये त्याआधीच्याच अपुऱ्या माहितीवर बांधला होता. ऑक्टोबरमध्ये ती १० टक्क्यांवर गेली आणि तो अंदाज त्यांना वर्षानुवर्षे ऐकवला गेला. अशा प्रसंगी विधान करणाऱ्याला त्या दिवशी काय ठाऊक होते आणि नंतर काय कळले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहाव्या लागतात.